गिअरबॉक्स उतरवण्याआधी पेडलजवळ बसा

लग्नसराई आणि ऊन एकत्र आलं की परतवाड्याच्या आमच्या गॅरेजात क्लचची कामं वाढतात. यंदा तुमची पत्रंही त्याचीच जास्त आहेत, म्हणून या वेळी सगळी जागा क्लचला दिली. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. क्लचचं दुखणं काय आहे, हे बहुतेक वेळा गाडीत बसून, पायाने आणि कानाने कळतं. गिअरबॉक्स खाली घेणं ही शेवटची पायरी आहे. आजकाल ती पहिली होऊन बसली आहे आणि त्याचा भुर्दंड गाडीवाल्याला पडतो.

प्रश्न : माझी मारुती ८०० आहे, १९९९ चं मॉडेल. पाहुण्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो तर घाटात गाडीचा आवाज नुसता वाढत गेला, गाडी काही वर चढेना. जळका वासही आला. गावच्या मिस्त्रीने पाहिलं आणि ‘कम्प्रेशन गेलं, बोअर-पिस्टनचं काम निघते’ म्हणाला. सपाटीवर गाडी बरी चालते. इंजिन खोलू काय? – एक संत्रा बागायतदार, वरुड तालुका

भाऊ, इंजिनाला सध्या कोणाला हात लावू देऊ नका. उत्तर तुमच्या पत्रातच आहे. आवाज वाढला आणि गाडी वाढली नाही, असं तुम्ही लिहिता. इंजिन कमजोर असतं तर चढावर आवाजही दबला असता, गाडी घुसमटून बंद पडली असती. इंजिन मोकळं फिरतंय आणि चाकाला जोर पोचत नाही, याचा अर्थ जोर मधेच कुठेतरी निसटतोय. ती जागा क्लचची. जळका वास प्लेटच्या अस्तराचा.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचं जड लोखंडी चाक असतं आणि त्यावर प्रेशर प्लेट बोल्टने कसलेली असते. या दोघांच्या मधे क्लच प्लेट दाबलेली असते आणि तो दाब प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा. तुम्ही पेडल दाबलं की केबल फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला स्प्रिंगच्या बोटांवर ढकलतो आणि प्लेट मोकळी होते. म्हणजे पाय उचललेला असताना स्प्रिंगचा पूर्ण दाब प्लेटवर पाहिजे. तो कमी पडला, प्लेट झिजली किंवा तिला तेल लागलं, की प्लेट घसरते.

आधी खात्री करा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास गाडी चालवा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय हे पक्कं. एकदाच करून पाहा. दहा वेळा केलं तर उरलीसुरली प्लेटही जाईल.

आता पेडलजवळ बसा. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबा. सुरुवातीला थोडं अंतर पेडल सैल जायला पाहिजे आणि मग जोर लागायला पाहिजे. हा सैलपणा म्हणजे फ्री प्ले. या गाड्यांना तो साधारण १५ ते २५ मिलिमीटर लागतो, म्हणजे एक-दीड बोट. तुमच्या गाडीत तो शून्य निघेल असा माझा अंदाज आहे. प्लेट झिजत जाते तसा हा सैलपणा आपोआप कमी होतो. तो संपला की रिलीज बेअरिंग कायम स्प्रिंगवर टेकून राहतं, म्हणजे तुमचा पाय नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. त्यात पुष्कळ जण ‘पेडल ढिलं झालं’ म्हणून केबल आणखी कसून घेतात आणि चांगल्या प्लेटचीही वाट लावतात.

बॉनेट उघडा. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलचं टोक फोर्कच्या दांड्याला जिथे अडकतं, तिथे आटे आणि एक नट दिसेल. तो थोडा सैल करा, पेडल मोजा, पुन्हा गाडी चालवून पाहा. घसरणं थांबलं तर तुमचं काम एका नटावर झालं. प्लेट थोडी झिजलेली राहीलच, पण लगेच खर्च नाही. फ्री प्ले बरोबर असूनही घसरत असेल, किंवा नटाला आटेच शिल्लक नसतील, तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

उतरवलाच तर समोर उभे राहा. जुनी प्लेट हातात घ्या. चांगल्या प्लेटमध्ये रिव्हेटचं डोकं अस्तराच्या आत खोल बसलेलं असतं, नख घातलं तर आत जातं. झिजलेल्या प्लेटचं डोकं अस्तराच्या बरोबरीला येतं, चमकतं, आणि फ्लायव्हीलवर गोल चरे पाडतं. प्लेट कोरडी आहे की तेलकट, हे नीट बघा. ओलसर दिसली तर बोटाला लावून वास घ्या. काळं, पातळ, जळक्या वासाचं असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं. घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गेलं. हे सील न बदलता नवी प्लेट टाकणं म्हणजे पैसे नाल्यात सोडणं आहे. नवी प्लेटही तशीच तेल पिते आणि गाडी परत येते. आमच्याकडे दुसऱ्यांदा उघडायला येणाऱ्या गाड्यांमध्ये हेच जास्त दिसतं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मजुरी दोनदा जाते ती शेतकऱ्याची.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर लेथवाल्याला दाखवा. डाग हलके असतील तर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून मिळतं, चिरा खोल असतील तर फ्लायव्हील बदला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच घ्या. बेअरिंग वाचवून काही मोठी बचत होत नाही, आणि ते पुढे बोंबलू लागलं की सगळा गिअरबॉक्स पुन्हा खाली. दुकानातून नवा सेट आणला की जुनी प्लेट नवीवर ठेवून व्यास जुळवा, मधल्या भोकाचे दाते मोजा, आणि नवी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून पाहा. ती अडखळता कामा नये. खोकं ओळखीचं आणि आतला माल भलताच, असं बाजारात चालतं.

आणखी एक, हे मिस्त्रीला अवश्य सांगा. आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं फेकून द्यायचं. आमच्या धंद्यातली पोरं तोंडाला रुमालसुद्धा बांधत नाहीत. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून टोकलं तर ऐकतील.

नवी प्लेट बसली की पहिले काही दिवस चिखलदरा नको. सपाटीवर हळू चालवा, बसू द्या तिला.

प्रश्न : माझी सुमो काळी-पिवळी म्हणून चालते. सकाळी पहिल्यांदा क्लच दाबला तर पेडल खाली जाते अन् गिअर पडत नाही, किरकिर वाजते. तीन-चार वेळा भराभर दाबलं की गिअर पडतो. दुपारून ठीक चालते. प्लेट गेली काय? – एक चालक, दारव्हा

दादा, तीन-चार वेळा दाबून जे दुखणं सुधारतं ते प्लेटचं नसतं. तुमच्या गाडीत केबल नाही, क्लच तेलावर चालतो. पेडलजवळ मास्टर सिलिंडर, खाली गिअरबॉक्सवर स्लेव्ह सिलिंडर, आणि मधे पाइप. भराभर दाबून पेडल वर येतं म्हणजे आत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचं रबर तेल धरून ठेवत नाही.

हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन पेडलच्या वर, जिथे मास्टरचा दांडा आत जातो, तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर गळतोय. मग गाडीखाली जाऊन स्लेव्हच्या तोंडावरचं रबरी बूट थोडं सोलून पाहा. आतून तेल टपकलं तर स्लेव्ह गेला. दोन्ही कोरडे आणि मास्टरच्या टाकीतलं तेलही कमी झालेलं नसेल, तर मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवून पेडल तळाशी दाबा, पहिला गिअर टाका, पेडल तसंच धरा आणि थांबा. धरल्या धरल्या गाडी पुढे ओढ घेऊ लागली, तर मास्टरच्या आतलं रबर तेल मागे सोडतंय. बाहेर थेंब दिसत नाही म्हणून हे दुखणं पुष्कळांना सापडत नाही आणि चांगली प्लेट बदलली जाते. तिथला जुना रबरी होज हाताने दाबूनही बघा. तो मऊ पडला असेल तर दाबल्यावर फुगतो आणि पेडलचा जोर तिथेच जिरतो.

सिलिंडरमध्ये आतून चरे नसतील तर रबराचं किट टाकून चालतं. चरे दिसले तर सिलिंडर बदला, किट टिकणार नाही. तेल टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल किंवा हातात सापडेल ते तेल ओतलं तर सगळी रबरं फुगतात आणि मग पाइपसकट सगळं धुवावं लागतं. उघडी ठेवलेली बाटली वापरू नका. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात तर फारच. रंगावर सांडलं तर रंगही निघतो, लगेच पाण्याने धुवा.

हवा काढायला दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवा. वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने निपल उघडायचं, बुडबुडे निघाले की बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच वरच्याने पाय उचलायचा. क्रम चुकला तर हवा परत आत जाते. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा.

तुमच्यासाठी एक वेगळी विनंती. सवारी भरताना गाडी चढावर हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून, उभी धरू नका, हँडब्रेक ओढा. दिवसभर हेच होत असेल तर कोणतीही प्लेट टिकणार नाही.

प्रश्न : मी मेळघाटात शिक्षिका आहे, जुनी अल्टो वापरते. क्लच इतका जड झाला आहे की धारणीहून परतवाड्याला येईपर्यंत डावा गुडघा दुखतो. मिस्त्री म्हणतात जुनी गाडी आहे, असंच राहणार. खरं आहे का? शिवाय जंगलाच्या रस्त्यात केबल तुटली तर काय करायचं, तिथे फोनही लागत नाही. – एक शिक्षिका, धारणी तालुका

ताई, असंच राहणार हे खरं नाही. क्लच जुना होतो तसा जड होतो हे बरोबर, पण गुडघा दुखेपर्यंत सहन करायचं कारण नाही. मिस्त्रीला एवढंच करायला सांगा : केबल फोर्कपासून सोडवा आणि पेडल हाताने दाबून पाहा. सोडल्यावरही पेडल जड असेल तर दोष केबलचा किंवा पेडल ज्यावर फिरतं त्या बुशचा. पेडल हलकं झालं तर दोष आत आहे, प्रेशर प्लेटचा किंवा बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिथला. पहिलंच निघण्याची शक्यता जास्त आहे.

केबल तेल घालून ‘मोकळी’ करू देऊ नका. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलला तेल लागलं की धूळ चिकटते आणि काही दिवसांत ती आधीपेक्षा जड होते. सरळ नवी टाका. बसवताना ती कुठे मुरडली जात नाही, सायलेन्सरच्या पाइपला लागत नाही, हे बघायला सांगा. पेडलचं बुश आणि फोर्कचं टोक मात्र साफ करून ग्रीस लावा.

आता तुटण्याचं. केबल एकदम तुटत नाही, आधी एकेक तार सुटते. महिन्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात पेडलचा हुक आणि गिअरबॉक्सकडचं टोक बघा. एखादी तार उसवलेली दिसली तर घाटात जाऊ नका. एक नवी केबल डिकीत ठेवा. सेमाडोह किंवा हरिसालला कोणी जाणता माणूस भेटला तर तो बसवून देईल, पण त्याच्याकडे केबल कुठून येणार?

रस्त्यातच तुटली तर जुन्या गाडीला एक उपाय आहे. आधी गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन कडेला थांबवा. पुढचा रस्ता सपाट आणि मोकळा असेल, समोर माणूस-जनावर नसेल, तरच इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका आणि चावी फिरवा. गाडी स्टार्टरवर झटका घेऊन चालू होईल आणि चालू लागेल. पहिल्या गिअरमध्येच सावकाश जवळच्या वस्तीपर्यंत जा. थांबताना न्यूट्रल करून ब्रेक लावा. घाटाच्या उतारावर किंवा वळणावर हे बिलकूल करू नका. तिथे गाडी कडेला लावून, चाकाला दगड लावून मदतीची वाट बघणंच बरं.

प्रश्न : वडिलांची जुनी महिंद्रा जीप पूर्ण पावसाळा शेडमध्ये उभी होती. आता इंजिन चालू होते, पण क्लच दाबूनही गिअर पडत नाही. पेडल आधीसारखंच लागते. – एक वाचक, आरमोरी, जि. गडचिरोली

तुमच्याकडे पावसाळा दणकून असतो. ओलाव्याने फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटला गंज चढला आणि क्लच प्लेट त्याला चिकटून बसली. आधी एकाला गाडीखाली पाहायला सांगून पेडल दाबा. फोर्क पूर्ण सरकत असेल तर प्लेट चिकटली आहे. सरकत नसेल तर केबल किंवा सिलिंडरकडे बघा. उंदरांनी रबरी बूट किंवा होज कुरतडलेला असतो, तेही तपासा.

चिकटलेली असेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये चांगलं गरम होऊ द्या. बंद करा. पेडल दाबून त्याच्या आणि सीटच्या मधे लाकडी दांडा अडकवा आणि रात्रभर राहू द्या. पुष्कळदा सकाळपर्यंत प्लेट सुटते. नाही सुटली तर जीप ढकलून कापणी झालेल्या, बांध दूर असलेल्या कोरड्या शेतात न्या. पेडल दाबून दुसऱ्या गिअरमध्ये स्टार्टर मारा, जीप चालू लागेल. पेडल तसंच दाबून ठेवून अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि सोडा, द्या आणि सोडा. झटक्यांनी प्लेट मोकळी होते आणि ते पायाला लगेच कळतं. आसपास पोरंसोरं उभी राहू देऊ नका, कारण प्लेट सुटेपर्यंत क्लच दाबून गाडी थांबणार नाही, इंजिनच बंद करावं लागेल.

सुटल्यावर काही दिवस गाडी निघताना थरथरेल, गंज घासला गेला की कमी होईल. थरथर राहिलीच तर उघडून फ्लायव्हील साफ करा आणि अस्तर निघालं आहे का बघा. पुढच्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून क्लच दहा-बारा वेळा दाबत जा.

प्रश्न : क्लच दाबला की घर्र आवाज येतो, सोडला की बंद. एका मिस्त्रीने गिअरबॉक्स गेला सांगितलं. – एक वाचक, पुसद

गिअरबॉक्स नाही, रिलीज बेअरिंग. उलटं असतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय उचललेला असताना आवाज आणि दाबला की बंद, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग धरलं असतं. घाई नाही, पण लांबच्या प्रवासाआधी करून घ्या. आणि गाडी चालवताना पाय पेडलवर ठेवायची सवय असेल तर ती सोडा, बेअरिंग त्यानेच जातं.

प्रश्न : कापूस विकून जुनी गाडी घ्यायचा विचार आहे. क्लच कसा पारखावा? – एक शेतकरी, राळेगाव

सकाळी जा, गाडी थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा. पेडल कुठे पकडतं ते बघा. पाय पार वर आल्यावर गाडी हलू लागली तर प्लेट शेवटाला आली आहे किंवा केबल चुकीची कसली आहे. मग सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढून, पुढे-मागे कोणी नाही हे बघून, वरचा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं पाहिजे. चालू राहिलं तर क्लच घसरतो. नंतर इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, मनात पाच मोजा आणि रिव्हर्स टाका. किरकिरला तर क्लच पूर्ण सुटत नाही.

गाडी काळ्या मातीच्या गावातली असेल तर पावसाळ्यात फसली होती का, हे मालकाऐवजी शेजाऱ्याला विचारा. चिखलात फसलेली गाडी हाफ क्लचवर रेस करून काढतात आणि त्या एका संध्याकाळीच प्लेट जळते. तुमच्यावर ती वेळ आली तर रेस करू नका. चाकाखालची माती उकरा, पऱ्हाट्या-तुराट्या आडव्या घाला, दोन माणसं मागे लावा, आणि क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये हळू बाहेर या. तरीही चाक जागीच फिरलं तर थांबा आणि ट्रॅक्टर बोलवा.